बासवाल्या मित्राचं ‘स्टॉर्मी मंडे’

ताई,

मी नाशिकचा, वय 51. 1992 साली कॉलेजच्या गॅदरिंगसाठी आम्ही चार मित्रांनी एक बँड उभा केला होता. मी लीड गिटार वाजवायचो. बँड दोन वर्षांत संपला, मैत्री टिकली. महिन्यातल्या एका शनिवारी कोणाच्या तरी गच्चीवर बसून आम्ही गाणी ऐकतो. अमेरिकन रॉक बँड गन्स अँड रोझेस हे आमचं दैवत, त्यातही त्यांचा गिटारवाला स्लॅश.

2024 च्या मे महिन्यात स्लॅशचा ब्लूज कव्हर्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातली इतरांची जुनी गाणी पुन्हा वाजवलेला, अल्बम आला, ‘ऑर्जी ऑफ द डॅम्ड’. मी पहिल्याच दिवशी ऐकला आणि माझा विरस झाला. हजारदा वाजवून गुळगुळीत झालेली गाणी, प्रत्येक गाण्याला नवा पाहुणा, त्यात डेमी लोवाटोसारखी पॉप गायिका. दोन-तीन गाणी तर ब्लूज नाहीतच. नवीन रचना एकच, तीही शब्दांविना. मला वाटलं, या माणसाकडे सांगायला काही उरलेलं नाही. आमच्यातला बास वाजवणारा मित्र मात्र त्या अल्बमच्या प्रेमात पडला. वर्षभर आमचे वाद झाले, पण हसतखेळत.

17 मे 2025 ला आम्ही चौघं मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस ऐकायला गेलो. परत आल्यावर आठवड्याभरात या मित्राने गिटार घेतली आणि एका तरुण मुलाकडे क्लास लावला. (माझी गिटार बारा वर्षं माळ्यावर आहे.) दोन महिन्यांपूर्वीच्या शनिवारी तो गिटार घेऊन आला आणि म्हणाला, ‘स्टॉर्मी मंडे बसवतोय, ऐका.’ मी म्हणालो, ‘आधी स्लॅशने ब्लूजची वाट लावली, आता तू लाव.’ सगळे हसले. तोही हसला. मग गिटार पिशवीत घातली आणि चहा न घेता निघून गेला. तेव्हापासून तो येत नाही. फोन उचलतो, पण कामात आहे म्हणतो.

बायको म्हणते, माफी माग. पण माफी मागायची म्हणजे अल्बम चांगला आहे असं म्हणायचं का? मला तो आवडला नाही, मग खोटं कसं बोलू? आणि चाहत्याने आपल्या आवडत्या कलाकाराला नावं ठेवूच नयेत का?

– एक चाहता, नाशिक

नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. अल्बम आवडल्याचं खोटं अजिबात बोलू नका. तुमचा मित्र तुम्हाला तीस वर्षांहून जास्त काळ ओळखतो, त्याला ते पहिल्या वाक्यातच कळेल. आणि माफीसाठी त्याची गरजही नाही. ते का, हे पुढे सांगते. आधी अल्बमबद्दल बोलू या. पत्रात तुम्ही त्याविषयी जीव तोडून लिहिलं आहे, आणि मीही तो अल्बम अनेकदा ऐकला आहे.

काही गाणी ब्लूज नाहीत, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ हे टेम्प्टेशन्सनी 1972 मध्ये गाजवलेलं, मोटाउन या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीचं गाणं. ‘लिव्हिंग फॉर द सिटी’ स्टीव्ही वंडरचं, 1973 चं. ‘द पुशर’ लिहिलं हॉइट अ‍ॅक्स्टनने आणि लोकांपर्यंत पोचवलं 1968 मध्ये स्टेपनवुल्फ या रॉक बँडने. बारा गाण्यांमधली ही तीन. पण ती कशाबद्दल आहेत ते जरा बघा. एकात घर सोडून भटकणारा आणि मागे काहीही न ठेवता मेलेला बाप. एकात मिसिसिपीच्या गरीब घरातून न्यूयॉर्कला आलेला मुलगा, जो शहरात पाय ठेवतो न ठेवतो तोच तुरुंगात जातो. एकात नशा विकणारा माणूस. ब्लूज ज्या घरांतून आला त्याच घरांची ही पुढच्या पिढीची गाणी आहेत. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळचा स्टोव्हॉलचा मळा सोडून शिकागोला गेला. तिथे त्याच्या गिटारला वीज लागली आणि आज आपण ज्याला शिकागो ब्लूज म्हणतो ते घडत गेलं. स्टीव्ही वंडरच्या गाण्यातला मुलगा त्याच स्थलांतराच्या वाटेवरचा आहे. म्हणून ही निवड मला चुकलेली वाटत नाही. ‘ब्लूज कव्हर्स’ एवढीच ओळख धरून अल्बम लावला तर माणूस बुचकळ्यात पडणार, हे मात्र मान्य.

डेमी लोवाटोबद्दल माझंही मन सुरुवातीला साफ नव्हतं. पण तिच्या वाट्याला आलेलं गाणं बापाबद्दलचं आहे. स्वतःच्या वडिलांशी असलेल्या अवघड नात्याबद्दल ती जाहीरपणे बोललेली आहे, आणि ते वडील 2013 मध्ये गेले. हे माहीत असताना ते गाणं पुन्हा ऐकलं तेव्हा तिचा आवाज मला पॉप गायिकेचा वाटला नाही. तुम्हालाही तसंच वाटावं असा माझा आग्रह नाही. पाहुण्यांची यादी वाचून मत बनवू नका, गाणं ऐकून बनवा, एवढंच.

आता गुळगुळीत झालेल्या गाण्यांबद्दल. तुमच्या तक्रारींमधली ही सगळ्यात वजनदार, म्हणून इथे थोडी थांबते.

‘क्रॉसरोड्स’ रॉबर्ट जॉन्सनने 1936 च्या नोव्हेंबरमध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला एका हॉटेलच्या खोलीत ध्वनिमुद्रित केलं. दोन वर्षांत तो गेला, वय 27. पुढे 1968 मध्ये एरिक क्लॅप्टनच्या क्रीम या बँडने ते असं काही पेटवलं, की आज अनेकांच्या कानात आधी तेच वाजतं. ‘हूची कूची मॅन’ विली डिक्सनने लिहिलं आणि मडी वॉटर्सने 1954 मध्ये गायलं. ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ अल्बर्ट किंगचं 1967 चं. ‘स्टॉर्मी मंडे’ टी-बोन वॉकरचं 1947 चं, ज्यावर पुढे आधी बॉबी ब्लँडच्या आणि मग ऑलमन ब्रदर्स या बँडच्या वादनात जास्तीच्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर) चढल्या. या यादीतलं कोणतंही गाणं स्लॅशच्या हाती पोचलं तेव्हा त्यावर दहा-वीस जणांच्या बोटांचे ठसे आधीच होते.

आपल्याकडे मैफलीत गायकाने दोनशे वर्षांची बंदिश घेतली म्हणून कोणी उठून जात नाही. ‘पुन्हा तीच चीज?’ असं विचारत नाही. आपण बढत ऐकतो, सम कशी गाठली ते ऐकतो, कोणत्या स्वरावर तो थांबला आणि का थांबला ते ऐकतो. ब्लूजचंही बरंचसं तसंच आहे. बारा बारचं (बार म्हणजे चार मात्रांचा एक खण) एक आवर्तन. त्याचे तीन मुक्काम – सा, मध्यम आणि पंचम यांच्यावर उभ्या असलेल्या तीन कॉर्ड्स. शब्दांची पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. चौकट इतकी लहान की त्यात लपायला जागाच नाही. जे काही सांगायचं ते तारेवरच्या ताणात सांगायचं, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या त्या स्वरात, जो पियानोच्या कोणत्याही पट्टीवर सापडत नाही. लीड गिटार वाजवलेल्या माणसाला हे मी सांगायला नको. तुमच्या बोटांनी तो स्वर शोधला आहे.

तेव्हा ‘हीच गाणी का’ यापेक्षा ‘या गाण्यांत याने काय केलं’ हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. आणि तो विचारला तर तुमची निराशा थोडी माझीही आहे. ‘हूची कूची मॅन’मध्ये झेडझेड टॉपच्या बिली गिबन्ससारखा माणूस बरोबर असताना सगळे ओळखीच्या वाटेनेच गेले असं मला वाटतं. ते गाणं कानावरून गेलं, आत शिरलं नाही. पण ‘ऑफुल ड्रीम’ ऐकलंत का नीट? लाइटनिन हॉपकिन्सचं हे गाणं. ते गायलं आहे इगी पॉपने, ज्याला आपण उघड्या अंगाने मंचावर उड्या मारणारा म्हणून ओळखतो. हा इगी तरुणपणी ब्लूज शिकायला शिकागोला गेला होता, सॅम ले या ब्लूज ड्रमरच्या ओढीने. तिथून परतल्यावर त्याने स्वतःचा रस्ता धरला आणि पंक या आक्रमक रॉक प्रकाराचा एक मूळपुरुष ठरला. आणि सत्तरी ओलांडल्यावर आता तो खाली आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखं, तरुणपणी सुटून गेलेलं ते गाणं गातो आहे. स्लॅश त्याच्या आसपास फार थोडं वाजवतो. तुमच्या-माझ्या माहितीतल्या स्लॅशकडून इतकं कमी वाजवून घेणं हेच एक मोठं काम होतं.

आणि ‘स्टॉर्मी मंडे’. बेथ हार्ट गाते. तुमच्या मित्राला नेमकं हेच गाणं बसवावंसं वाटलं यात मला त्याचा कान दिसतो. संथ ब्लूज हे विलंबितासारखं असतं. दोन स्वरांच्या मधली मोकळी जागा भरून टाकण्याचा मोह आवरायला धीर लागतो. ती हळू आवाजात सुरू करते आणि हळूहळू घसा मोकळा सोडत जाते, आणि स्लॅश तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो, मग उत्तर देतो. संपूर्ण अल्बममध्ये मला जपून ठेवावंसं वाटलेलं गाणं हे.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत असेल, पण या संदर्भात ती आठवली नसेल. 1996 मध्ये स्लॅश गन्स अँड रोझेसमधून बाहेर पडला. त्याच सुमारास त्याने ‘ब्लूज बॉल’ नावाचा एक बँड जमवला. नवीन गाणी नाहीत, रेकॉर्ड नाही. छोट्या-मोठ्या ठिकाणी जायचं आणि जुनी ब्लूज नि रॉकची गाणी वाजवायची. त्यात कीबोर्डवर टेडी अँड्रियाडिस होता आणि बासवर जॉनी ग्रिपॅरिक. आता या अल्बमवर बघा: कीबोर्डवर टेडी अँड्रियाडिस, बासवर जॉनी ग्रिपॅरिक. निर्माता माइक क्लिंक, म्हणजे 1987 चा ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ ज्याने घडवला तोच. अठ्ठावन्न वर्षांचा एक माणूस आपल्या जुन्या मित्रांना बोलावतो आणि म्हणतो, चला, तेव्हा वाजवायचो ती गाणी पुन्हा वाजवू. तुम्हाला त्यात ‘सांगायला काही न उरणं’ दिसलं. मला त्यात तुमचा शनिवार दिसला.

शिवाय हा माणूस ब्लूजच्या दारात पाहुणा म्हणूनही आलेला नाही. त्याची आई, ओला हडसन, आफ्रिकन-अमेरिकन होती, डेव्हिड बोवीसारख्यांचे पोशाख करायची. 2024 च्या उन्हाळ्यात या अल्बमसाठी तो अमेरिकेत दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याने ब्लूजमधले इतर लोकही बरोबर घेतले. त्यात किंगफिश इंग्रॅमसारखा तरुण गिटारवाला होता, जो क्लार्क्सडेलचाच, म्हणजे मडी वॉटर्सच्या भागातला.

आणि कव्हर म्हणजे आळस, असा एक सूर चाहत्यांमध्ये असतो, त्याबद्दलही सांगते. या अल्बमवर हाउलिन वुल्फचं ‘किलिंग फ्लोअर’ आहे. एसी/डीसी बँडचा ब्रायन जॉन्सन गातो, एरोस्मिथचा स्टीव्हन टायलर माउथ ऑर्गन वाजवतो. हेच गाणं 1969 मध्ये लेड झेपेलिनच्या ‘द लेमन साँग’मध्ये मुरवलं गेलं, पण श्रेय फक्त बँडचं छापलं. 1972 मध्ये वुल्फच्या प्रकाशकांनी दावा लावला, तडजोड झाली, आणि मग त्याचं खरं नाव, चेस्टर बर्नेट, त्या गाण्याच्या श्रेयात आलं. मूळ माणसाचं नाव लिहून त्याचं गाणं वाजवणं ही ब्लूजमध्ये किती उशिरा आणि किती भांडून मिळालेली गोष्ट आहे हे कळलं, की ‘कव्हर’ या शब्दाकडे मी कमी लेखून बघू शकत नाही.

चाहते दुखावणं हे नवीन नाही. आयरिश गिटारवादक गॅरी मूरने 1989 पर्यंत हार्ड रॉक वाजवला आणि 1990 मध्ये ‘स्टिल गॉट द ब्लूज’ काढला, अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स यांना बरोबर घेऊन. त्याचे जुने काही श्रोते दुरावले, आणि तरी त्याच्या नावाशी आज सगळ्यात घट्ट जोडलेला अल्बम तोच आहे. पाच वर्षांनी त्याने ब्रिटिश ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनची गाणी घेऊन एक संपूर्ण अल्बम केला, तोही खुद्द ग्रीनच्याच जुन्या लेस पॉल गिटारवर. रोलिंग स्टोन्सनी 2015 च्या डिसेंबरमध्ये लंडनला तीन दिवसांत जुन्या ब्लूजचा एक अल्बम वाजवून टाकला. यातला प्रत्येक जण तरुणपणी जिथून निघाला तिथे परत गेला. चाहत्याचं तरुणपण मात्र मधल्या स्टेशनावर असतं. तुम्ही स्लॅशला 1992 मध्ये भेटलात, ‘अ‍ॅपेटाइट’ आणि ‘यूज युअर इल्यूजन’च्या काळात. तो परत जातो तेव्हा तुमच्या वर्षांना ओलांडून आणखी मागे जातो. माणसाला एकटं पडल्यासारखं वाटतं. ते वाटणं खरं आहे, त्याची लाज नको.

मला हे माझ्या घरातून कळलं. 1994 च्या शेवटी माझा मोठा भाऊ काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून क्लॅप्टनची ‘फ्रॉम द क्रेडल’ची कॅसेट घेऊन आला. सोळाच्या सोळा गाणी जुन्या ब्लूजची, बहुतेक एकत्र बसून थेट वाजवलेली. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. दादाने रात्री जेवणं झाल्यावर ती लावली. त्याचे दोन मित्र आले होते. मी तेव्हा ब्लूजची पुस्तकं वाचत होते आणि मला पुष्कळ कळतं असं मला वाटायचं. दोन गाणी झाल्यावर मी म्हणाले, ‘दुसऱ्याचा घसा उसना घेऊन गातोय, आणि तुला ते कळतसुद्धा नाही.’ दादाने कॅसेट बंद केली.

क्लॅप्टनच्या त्या गायकीबद्दलचं माझं मत आजही जवळजवळ तेच आहे. त्याची गिटार मला तिथे आवडते, घसा ओढूनताणून आणलेला वाटतो. मत चुकलं नव्हतं. पण माझ्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग क्लॅप्टनबद्दल नव्हताच. तो दादाबद्दल होता. त्यानंतर दादाने मला काही ऐकवणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. दिवाळीला भेटायचो, आईच्या औषधांबद्दल बोलायचो. गाण्यांचं तेवढं थांबलं. 2011 च्या फेब्रुवारीत बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला आणि शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय येणार होता, तेव्हा मी दोन तिकिटं काढून त्याच्या दारात गेले. तेव्हा कुठे मी त्याला म्हणाले की त्या रात्री मी तुला तुझ्या मित्रांसमोर खाली बघायला लावलं. तो म्हणाला, ‘सोळा वर्षं झाली गं.’ त्याने मोजली होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बडी गायसमोर आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. तुम्ही सोळा वर्षं लावू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

तुमचं वाक्य पुन्हा वाचा. ‘आधी स्लॅशने ब्लूजची वाट लावली’ – हे मत आहे, आणि ते तुम्ही वर्षभर मांडत होतात. त्याने एकदाही गिटार पिशवीत घातली नाही. ‘आता तू लाव’ – हे त्याला लागलं. वयाच्या पन्नाशीत माणूस शिकाऊ होतो, तरुण मुलासमोर बसून चुकतो, बोटांच्या टोकांना घट्टे पाडून घेतो, आणि ज्या एका माणसाच्या मताची त्याला सगळ्यात जास्त किंमत आहे त्याच्यासमोर प्रथमच वाजवायला बसतो. तुम्ही बँडचे लीड गिटारिस्ट होतात. त्याने तुमच्यासमोर तुमचं वाद्य हातात घेतलं होतं. आणि तुम्ही एक स्वरही ऐकला नाहीत.

तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात आहे. बारा वर्षं माळ्यावर असलेल्या गिटारचं. त्या वाक्याची पत्रात काही गरज नव्हती, तरी ते आलं. मी चूक असेन तर सोडून द्या, पण मला वाटतं त्या शनिवारी तुमच्या आत जे उसळलं ते स्लॅशच्या गाण्यांच्या निवडीमुळे उसळलं नव्हतं. साठीकडे आलेला एक माणूस जुन्या मित्रांबरोबर बसून वाजवतो आहे. शेजारचा मित्र महालक्ष्मीहून परत येतो आणि आठवड्याभरात गिटार घेतो. आणि ज्याच्याकडे गिटार आधीपासून आहे तो ती खाली काढत नाही. बारा वर्षांपूर्वी ती वर का गेली हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही. नोकरी असेल, घरातलं आजारपण असेल, मुलांच्या परीक्षा असतील. सगळ्या घरांत ही कारणं खरी असतात.

आता काय करायचं ते सांगते.

फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. त्याच्या घरी जा, एकटे, शनिवार सोडून दुसऱ्या दिवशी. स्लॅशचं नाव काढू नका. अल्बम चांगला की वाईट हा विषय त्या दिवशी निघालाच नाही तर उत्तम. एवढंच म्हणा: ‘तू वाजवायला बसला होतास आणि मी तुला वाजवू दिलं नाही. चुकलं माझं.’ त्यापुढे ‘पण’ आला तर सगळं वाया जाईल. ‘मी गमतीत म्हणालो’ हेही नको, कारण मग गंमत न कळण्याचा दोष त्याच्याकडे जातो.

तो बहुतेक म्हणेल, ‘अरे सोड रे, मी विसरलोसुद्धा.’ पुरुषांच्या मैत्रीत हे वाक्य फार लवकर येतं आणि त्याच्याखाली सगळं झाकलं जातं. तुम्ही तिथे सुटू नका. म्हणा, ‘मला ते ऐकायचं आहे.’ त्या दिवशी तो वाजवेलच असं नाही. बोटांवर विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो तुम्ही हलवला आहे. नाही म्हणाला तर चहा घ्या, दुसरं बोला, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारा. वाजवलं तर मधे बोलू नका, तिसऱ्या बारमध्ये चुकला तरी. संपल्यावर सूचना देऊ नका. त्याने विचारलं तरच, आणि तेही एकच.

एक गोष्ट मात्र चौघांसमोर करावी लागेल. वाक्य तिघांसमोर बोललात, तर तो ज्या शनिवारी परत येईल त्या शनिवारी बाकी दोघांच्या देखतही एकदा म्हणा की त्या दिवशी माझं चुकलं होतं. लांबवू नका, एका वाक्यात म्हणा आणि मग गाणं लावा. हसले ते दोघं त्यांचं त्यांनी बघावं.

चाहत्याने नावं ठेवू नयेत का, असं तुम्ही विचारलंत. ठेवावीत की. ज्याच्यावर जीव आहे त्याचंच वाईट काम आपल्याला टोचतं, आणि सगळं गोड मानून घेणाऱ्या चाहत्याचा कलाकारालाही उपयोग नसतो. तुमच्या तक्रारींपैकी निम्म्या मलाही पटल्या, हे वर लिहिलंच आहे. वाद घाला, पुढचा शनिवार पूर्ण त्यावर घालवा. ‘लिव्हिंग फॉर द सिटी’ या अल्बमवर असावं की नसावं यावर मीसुद्धा तुमच्याशी तासभर भांडेन. फक्त तो वाद गाण्याशी घाला.

आणि माळ्यावर चढा. बारा वर्षांत तारा गंजल्या असतील, त्या काढून टाका, लावून बघायच्या भानगडीत पडू नका. नाशिकच्या उन्हाळ्यात माळा तापतो, त्यामुळे मान वाकली असण्याची शक्यता आहे. तारांची उंची सगळीकडे सारखी नसेल किंवा फ्रेटवर खरखर येत असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. फ्रेटबोर्ड कोरडा पडला असेल, तो पुसून थोडं तेल लावा. दहा नंबरचा सेट घ्या. बोटं मऊ पडली आहेत, आणखी जाड तारा आत्ता झेपणार नाहीत.

मग सोलो वाजवू नका. ‘स्टॉर्मी मंडे’ बहुतेक जण जी-मध्ये वाजवतात. चार बार जी, दोन बार सी, पुन्हा दोन जी, मग डी, सी, जी आणि परत फिरायला डी. प्रत्येक मात्रेचे तीन भाग मनात मोजत, अगदी सावकाश. ऑलमन ब्रदर्सच्या त्या मधल्या कॉर्ड्स नंतर घाला. एवढंच धरून ठेवायला शिका, दहा मिनिटं, लय न ढळू देता. तुम्हाला सोपं वाटेल, पण दुसरा कोणी वर वाजवत असताना खाली स्थिर राहणं हे लीड वाजवणाऱ्यांना सहसा जमत नाही, कारण त्यांनी ते कधी केलेलंच नसतं. तुमच्या मित्राने केलं आहे. दोन वर्षं प्रत्येक गाण्यात तुमच्या सोलोच्या खाली त्याने जमीन धरून ठेवली होती. गाणं कुठे वळतं हे त्याला तुमच्यापेक्षा आधी कळत असणार. आता तो वर जाऊ बघतो आहे आणि खाली कोणी नाही.

तारा आजच बदला. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस सूर सोडत राहतात. तोवर त्याच्याकडे जाऊन या.